मधपाळ संघात शिकायला आणि मदतीला येणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि लगतच्या गावांत सातेरी मधमाश्या पाळणाऱ्या मधपाळांचा हा संघ आहे. दरवर्षी नवीन माणसं विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आमचा सगळ्यांना एकच आग्रह असतो: स्वतःची पेटी घेण्याआधी दुसऱ्याच्या पेटीवर एक पूर्ण वर्ष काढा.

मला मधमाश्यांतलं काहीच माहीत नाही. तरी येऊ शकतो का?

जरूर या. ज्यांना काहीच येत नाही त्यांना शिकवणं उलट सोपं जातं. तीन गोष्टी मात्र लागतात: ठरलेल्या वेळी येणं, सांगितल्याशिवाय पेटीला हात न लावणं आणि पाहिलेलं लिहून ठेवणं. डंखाची भीती वाटत असेल तर ती आधीच सांगा. अशा माणसाला पहिले दोन-तीन आठवडे आम्ही प्रवेशद्वाराच्या बाजूला बसून नुसतं निरीक्षण करायला देतो.

आधी पेटी घेऊ की आधी शिकू?

आधी शिका. उत्साहाच्या भरात मार्चमध्ये पेटी घेतली जाते. तेव्हा रानात फुलोरा असतो, माश्या भराभर वाढतात आणि सगळं सोपं वाटतं. जूनमध्ये पाऊस लागतो, फुलं संपतात, साखरेचा पाक द्यायचा राहून जातो आणि श्रावण-भाद्रपदात पेटी रिकामी होते. मग खापर माश्यांवर फुटतं. एक पावसाळा कुणाच्या तरी पेट्यांबरोबर काढलेला माणूस सहसा ही चूक करत नाही.

सुरुवात दोन पेट्यांनी करावी. एकच पेटी असली की तुलना करायला काही नसतं. शिवाय एकीची राणी गेली तर दुसरीतून अंडी असलेली चौकट (पोळं धरणारी लाकडी फ्रेम) देता येते, म्हणजे माश्या त्यातून नवी राणी करतात.

कोणत्या माशीवर शिकवता?

सातेरीवर. ही आपल्या डोंगरातली मूळची माशी आहे. ती अंधाऱ्या पोकळीत एकापेक्षा जास्त समांतर पोळी बांधते, त्यामुळे पेटीत राहते. आग्या आणि फुलोरी या दोघी उघड्यावर एकच पोळं लावतात, म्हणून त्या पेटीत पाळता येत नाहीत. पोया ही डंख नसलेली माशी पाळता येते, पण तिचं तंत्र वेगळं आहे.

मेलिफेरा, म्हणजे लोक जिला इटालियन माशी म्हणतात ती, मध जास्त देते. पण तिला मोठा सलग फुलोरा लागतो, पेट्या गावोगाव हलवाव्या लागतात आणि व्हरोआ नावाच्या गोचिडीचा तिला मोठा त्रास असतो. ही गोचीड मुळात सातेरीवरचीच. सातेरी अंग झाडून तिला काढते आणि गोचिडीची वाढ बहुतेक नरांच्या कोठड्यांपुरतीच (पोळ्यातल्या नर वाढतात त्या घरांपुरतीच) राहते. सूर्यफूल, कांदा बियाणं असलेल्या देशावरच्या भागात मेलिफेरा चालते. घाटाच्या पावसात नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सातेरीची पेटी चांगल्या जागी वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध देते. यापेक्षा मोठे आकडे सांगून कुणी पेट्या विकत असेल तर जपून.

प्रशिक्षण कोणत्या महिन्यापासून सुरू करावं?

ऑक्टोबरपासून. पाऊस ओसरतो, अशक्त झालेल्या वसाहती, म्हणजे पेटीतली माश्यांची कुटुंबं, सावरू लागतात आणि माश्या कमी असल्यामुळे चौकट नीट दिसते. नवख्या डोळ्याला अंडी, अळी आणि बंद कोष वेगळे ओळखायला हाच काळ बरा.

थंडीत पेट्यांची डागडुजी आणि चौकटींना मेणपत्रा (पोळं बांधायला आधार देणारा मेणाचा पत्रा) बसवणं शिकून घ्यायचं. जानेवारीनंतर वसाहती वाढतात आणि थवे निघण्याचा, म्हणजे वसाहत फुटून काही माश्या राणीसह बाहेर पडण्याचा, काळ जवळ येतो. तेव्हा दर ८ ते १० दिवसांनी तपासणी लागते, म्हणून मदतीच्या हातांची सर्वात जास्त गरज तेव्हाच असते. वसाहतीचं विभाजन, म्हणजे एकीच्या दोन वसाहती करणं, हेही याच दिवसांत शिकवतो. मार्च ते मे हा मधाचा हंगाम: जांभूळ, गेळा, हिरडा. कारवी दर ७-८ वर्षांनी एकदाच फुलते. ती फुलते त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धातही काम निघतं.

जून ते सप्टेंबर हा उपासमारीचा काळ. पाक देणं, पेटी कोरडी ठेवणं, मुंग्या आणि मेणकिडा (पोळं खाणारी अळी) आवरणं एवढंच काम असतं. या चार महिन्यांत बरेच स्वयंसेवक गळतात. शिकण्याच्या दृष्टीने मात्र हेच चार महिने मोलाचे आहेत.

पेटी उघडायला शिकवता म्हणजे नेमकं काय शिकवता?

पेटी उघडण्याआधी पाच मिनिटं प्रवेशद्वाराकडे बघायचं. पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जात असतील तर आत पिल्लं वाढत असण्याची शक्यता चांगली. माश्या दारात एकमेकींशी झटापट करत असतील तर लूटमार चालू आहे आणि त्या दिवशी पेटी उघडायची नाही.

ऊन असावं, वारा नसावा, सकाळचे नऊ-दहा वाजलेले असावेत. उभं राहायचं ते पेटीच्या मागे किंवा बाजूला. दारासमोर उभं राहिलं की उडण्याची वाट अडते आणि तिथेच डंख बसतो.

धुराड्यात (माश्यांवर धूर सोडायच्या डब्यात) सुकं तरट, नारळाची सोडणं किंवा गोवरीचा तुकडा घालायचा. रॉकेल, रबर, प्लास्टिक कधीही नाही. धूर आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर सोडून बघायचा. चटका बसला तर तो माश्यांनाही बसणार. दारात दोन-तीन हलके भपकारे पुरे. धुराने धोक्याचा गंध झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरून घेण्यात गुंततात. सातेरीला जास्त धूर दिला तर ती शांत होण्याऐवजी पोळ्यांवरून पळत सुटते आणि मग राणी कुठे गेली ते कळत नाही.

झाकण काढून शेजारी उलटं ठेवायचं. या वेळी सगळ्या माश्या मिळून सर्रर्र असा आवाज करतात. नवीन माणूस त्याने दचकतो. हात तिथेच थांबवायचा, आवाज विरला की पुढे जायचं.

पहिल्यांदा कडेची चौकट काढून बाजूला ठेवायची म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. प्रत्येक चौकट सरळ वर उचलायची आणि पेटीच्या वरच धरून बघायची, म्हणजे राणी पडली तरी पेटीत पडते. चौकट ताटासारखी आडवी धरू नये. नवं, मधाने भरलेलं पोळं स्वतःच्या वजनाने तुटून खाली येतं. दुसरी बाजू बघायची तर वरची पट्टी उभी करून चौकट फिरवायची.

ऊन पाठीवर घेऊन कोठड्यांच्या तळाशी बघितलं की अंडी दिसतात. उभं अंडं आजचं, कललेलं कालचं, तळाला टेकलेलं परवाचं. उभी अंडी दिसली म्हणजे राणी आहे, तिला शोधत बसायची गरज नाही. नवशिके राणी शोधण्यात पंधरा-वीस मिनिटं घालवतात, पिल्लं गार पडतात आणि वसाहत बिथरते. एक तपासणी पाच ते सात मिनिटांत संपली पाहिजे. चौकटी होत्या त्याच क्रमाने, त्याच तोंडाने परत ठेवायच्या.

एका कोठडीत दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी नसून कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. त्यातून फक्त नर निघतात. अशी पेटी दिसली की लगेच अनुभवी मधपाळाला सांगा.

थवा निघणार हे आधी कसं ओळखायचं?

बंद कोठड्यांकडे बघा. सातेरीच्या नराच्या कोठडीचं झाकण उंचवट्याचं असतं आणि त्याच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं बारीक छिद्र असतं. अशी झाकणं वाढू लागली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारख्या राणीच्या कोठड्या लोंबू लागल्या की वसाहत फुटायच्या तयारीत आहे. राणीची कोठडी पोळ्याच्या मध्यावर असेल तर मात्र अर्थ वेगळा: जुनी राणी अचानक गेली आहे आणि माश्यांनी कामकरी अळीपासूनच नवी राणी करायला घेतली आहे.

राणीच्या कोठड्या सरसकट मोडून टाकणं हा उपाय नाही. जागा वाढवून द्या किंवा योग्य वेळी विभाजन करा. नवी राणी बाहेर पडली की तिचं मिलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत साधारण ८ ते १५ दिवस त्या पेटीला हात लावू नका.

डंख बसला तर?

बसणारच, हे धरून या. माशीची नांगी कातडीत राहते आणि तिची विषाची पिशवी आत विष सोडत राहते. म्हणून नखाने खरवडून ती ताबडतोब काढा. कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. त्या जागी थोडा धूर द्या, कारण डंखाच्या गंधाने बाकीच्या माश्या त्याच ठिकाणी येतात. नंतर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा. एक-दोन दिवस सूज आणि खाज राहते.

श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर पित्त उठणं, चक्कर, उलट्या यांपैकी काहीही झालं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. पूर्वी असा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पेट्यांजवळ येऊ नका. मदतीची इतर कामं भरपूर आहेत.

पावसाळ्यात पाक द्यायची जबाबदारी नवीन माणसावर टाकता का?

हो, पण प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळायच्या अटीवर. १ किलो साखरेला १ लीटर पाणी. पाणी उकळून चुलीवरून उतरवायचं आणि मग साखर घालायची. साखर घालून उकळत ठेवली तर ती करपते आणि माश्यांना बाधते. पाक पूर्ण गार करून पेटीच्या आत, उथळ भांड्यात ठेवायचा. माश्या बुडू नयेत म्हणून वर काडक्या टाकायच्या. मध्यम वसाहतीला एका वेळी २०० ते २५० मिलिलीटर पुरे.

पाक संध्याकाळीच द्यायचा, एका ठिकाणच्या सगळ्या पेट्यांना एकाच वेळी, आणि दार लहान करून. दिवसा दिला किंवा पेटीवर सांडला तर सशक्त वसाहती अशक्त वसाहतींना लुटतात. गूळ, काकवी देऊ नका, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही देऊ नका, त्यातून रोगाचे जंतू येऊ शकतात.

पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. पाण्यावर पालापाचोळा पडला की मुंग्यांना पूल मिळतो. पाक द्यायला गेल्यावर त्या वाट्या साफ करणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

माश्या पेटी सोडून का जातात?

भूक, मुंग्या, मेणकिडा, ऊन, ओल आणि माणसाने वारंवार उघडणं. सातेरी चिवट आहे, पण त्रास सोसत बसत नाही. जायच्या आधी ती चिन्हं दाखवते: परागाची आवक घटते, राणी अंडी घालायची थांबते, साठवलेला मध संपवला जातो, शेवटची पिल्लं बाहेर पडतात. एवढं होईपर्यंत आठवडे जातात. म्हणून तपासणीनंतर नोंदवहीत ‘अंडी आहेत / नाहीत’ हा रकाना रिकामा सोडला तर आम्ही ती तपासणी झालीच नाही असं धरतो.

मेणकिडा कारण असेल तर त्याची सुरुवात बहुतेक वेळा माश्यांनी न झाकलेल्या जुन्या काळ्या पोळ्यांत झालेली असते. माश्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढ्याच ठेवा. तळपाटावरचा कचरा दर तपासणीला खरवडून लांब टाका.

रोगांबद्दल काय शिकायला मिळतं?

सर्वात आधी निरोगी पिल्लं कशी दिसतात ते: पांढरीशुभ्र, चकचकीत, कोठडीच्या तळाशी वळून पडलेली अळी. ती डोळ्यात बसली की रोग आपोआप खटकतो. थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीचं फार नुकसान केलेलं आहे. त्यात अळी कोठडीत ताठ होऊन मरते, डोकं वर उचललेलं राहतं आणि चिमट्याने ओढली तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. यावर औषध नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणं थांबवायचं, म्हणजे रोगाला नवीन अळ्या मिळत नाहीत. शिवाय वसाहत सशक्त ठेवायची. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत आणि मधात त्यांचे अंश उतरतात, म्हणून ती कुणीही सुचवली तरी वापरू नका.

स्वयंसेवक अनेकांच्या पेट्या हाताळतात, म्हणजे रोग पसरवण्याचा धोकाही त्यांच्याच हातून असतो. एका मधपाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवा, पटाशी (चौकटी सैल करायचं लोखंडी हत्यार) जाळावर धरा. एकाची चौकट दुसऱ्याच्या पेटीत घालू नका.

मध काढायला कधी बोलावता?

चौकटीतल्या किमान तीन चतुर्थांश कोठड्या मेणाने बंद झाल्या की. मध पिकल्यावरच माश्या ती झाकणं लावतात. त्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि आंबतो. खाद्य सुरक्षेच्या मानकानुसार मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. आपल्या दमट हवेत सातेरीचा मध ही मर्यादा सहज ओलांडतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने (मधातलं पाणी मोजायच्या उपकरणाने) मोजल्याशिवाय आम्ही तो बरणीत भरत नाही.

फक्त वरच्या कप्प्यातला मध घ्यायचा. खालच्या, पिल्लांच्या कप्प्याला हात लावायचा नाही. मधयंत्र, म्हणजे चौकटी फिरवून मध काढायचं यंत्र, बंद खोलीत, नाहीतर तासाभरात परिसरातल्या सगळ्या माश्या हजर होतात. झाकणं गरम सुरीने कापायची, समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी लावायच्या आणि सावकाश फिरवायचं. पहिली बाजू अर्धी रिकामी करून चौकट उलटायची, दुसरी बाजू पूर्ण काढायची, मग पुन्हा पहिली. एका दमात जोरात फिरवलं तर आतल्या बाजूच्या मधाच्या भाराने पोळं मोडतं. रिकामी पोळी संध्याकाळी परत पेटीत. मध बारीक जाळीतून गाळून दोन-तीन दिवस स्टीलच्या टाकीत स्थिर ठेवला की फेस आणि मेणाचे कण वर येतात.

मे अखेर शेवटची काढणी करताना पावसाळ्यासाठी मध राखला पाहिजे. या एका बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

माश्यांना हात न लावता मदत करता येते का?

येते, आणि त्या कामांना माणसं कमी पडतात. परिसरातली कोणती झाडं कधी फुलली याची नोंद, म्हणजे फुलोऱ्याचं कॅलेंडर, आठवड्यातून एकदा त्याच वाटेने फिरून ठेवावी लागते. सुतारकाम येणाऱ्याची तर आम्ही वाट बघत असतो: पोळ्यांमधली जागा ७ ते ९ मिलिमीटर असेल तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात, जास्त सोडली तर आडवी-तिडवी पोळी बांधतात आणि चौकट निघता निघत नाही. कापलेल्या झाकणांचं मेण वितळवून गाळणं हेही असंच काम. लोखंडी भांडं वापरू नका, मेण काळं पडतं.

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. त्या सुमारास गावांत आणि शिबिरांत बोलायला, चौकटी दाखवायला माणसं लागतात.

सोसायटीत किंवा घरात पोळं लागलं तर तुमचे स्वयंसेवक येतात का?

कोणती माशी आहे त्यावर अवलंबून आहे. झुडपातलं तळहाताएवढं एकच पोळं बहुतेक फुलोरीचं असतं. ते तसंच राहू द्या. भिंतीच्या पोकळीतली, जुन्या कपाटातली सातेरी आम्ही पेटीत उतरवतो आणि शिकणाऱ्यांनाही बरोबर नेतो. पोळी एकेक कापून, वरची बाजू वरच ठेवून चौकटीत बसवायची आणि केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने बांधायची. माश्या दोन-चार दिवसांत पोळं चौकटीला जोडून घेतात. राणी हाती लागली की तिला आधी पेटीत सोडायचं, बाकीच्या मागून येतात. संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर दाराला जाळी लावून पेटी हलवायची.

उंच इमारतीवरचं, टाकीखालचं, कड्यावरचं मोठं पोळं आग्याचं. त्यासाठी आम्ही नवीन स्वयंसेवक पाठवत नाही आणि कुणी स्वतःहून जाऊही नये. आग्या हंगामी आहे, फुलोरा संपला की बहुतेकदा आपणच निघून जाते. तोवर खाली धूर, फटाके, दगड नकोत. गडांवर होणारे हल्ले अनेकदा अशा छेडछाडीतूनच होतात. हल्ला झाला तर तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. हात झटकू नका, पाण्यात उडी मारू नका.

सरकारी प्रशिक्षण आणि संघातलं शिकणं यात फरक काय? दोन्ही करावं का?

दोन्ही करा. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळासाठी १० दिवसांचं प्रशिक्षण असतं. त्यासाठी अर्जदार साक्षर आणि १८ वर्षांवरील असावा. केंद्रचालक प्रगतशील मधपाळासाठी २० दिवसांचं प्रशिक्षण, किमान दहावी पास, २१ वर्षांवरील वय आणि किमान एक एकर शेतजमीन अशी अट आहे. साहित्यावर ५० टक्के अनुदान मिळतं. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात कळतात. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथेही अभ्यासक्रम चालतात.

त्या वर्गांत शास्त्र पद्धतशीर शिकवतात आणि प्रमाणपत्र मिळतं. पण दहा दिवसांत एकच ऋतू दिसतो. संघाकडे प्रमाणपत्र नाही, आमच्याकडे बारा महिने आहेत. जमलं तर महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर बघून या. २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सगळं गाव या व्यवसायात असलं की फवारणीपासून झाडतोडीपर्यंतचे निर्णय कसे बदलतात ते तिथल्या मधपाळांकडून ऐकण्यासारखं आहे.

मी शेतकरी आहे. मध नको, परागीभवनासाठी शिकायचं आहे.

मग पेट्या आणण्याइतकंच फवारणीचं वेळापत्रक महत्त्वाचं. पीक फुलात असताना कीटकनाशक टाळा. टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा आणि शेजाऱ्यालाही सांगा. पेट्या थोडी फुलं उमलल्यावर आणा. आधी आणल्या तर माश्या दुसरीकडचा फुलोरा धरतात आणि तुमच्या पिकाकडे फिरकत नाहीत.

मुलांना आणता येईल का?

पालकांबरोबर, पूर्ण पोशाखात, आणि पेटी न उघडता. काचेच्या निरीक्षण पेटीतून मुलांना पुष्कळ दिसतं.

पहिल्या दिवशी काय घालून, काय घेऊन येऊ?

फिकट रंगाचे, अंगभर, सैल कपडे. लोकरी आणि गडद नकोत. साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी, घोट्याशी दोरीने बांधलेली. पायात बूट. अत्तर, सुगंधी तेल लावू नका. केळं खाऊन येऊ नका, त्याचा वास माशीच्या धोक्याच्या गंधासारखा असतो. डोक्यावरची जाळी संघाकडे मिळते. हातमोजे सुरुवातीला चालतील, पण जाड मोज्यांत बोटांना अंदाज राहत नाही आणि माश्या चिरडतात, म्हणून पुढे ते काढायची सवय करा. एक वही, एक पेन्सिल आणि पिण्याचं पाणी. रोजची काही औषधं चालू असतील तर त्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली घरच्यांचा फोन नंबर.